जामातलाशी

जानेवारीत लष्करात धुकं असं उतरतं
की समोरच्या गच्चीवर अडकलेला पतंगही पुसला जातो.
पावणेअकराला तोमर दरोगा दारात, टोपीवर दव:
"माताजी, मोहल्ले की इज्जतदार हैं आप. पंच चाहिए."

तीस वर्षं कोषालयात लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या,
नाही म्हणायची सवय तिथेच सुटली.
शाल घेतली, चष्मा घेतला.
दुसरा पंच गजकवाला प्रीतम,
बोटांना अजून तीळ चिकटलेले.

बलवीरचं घर माझ्यापासून चौथं.
माझा इन्व्हर्टर त्यानं दोनदा दुरुस्त केलेला,
दुसऱ्यांदा पैसे न घेता.

उंबऱ्याशी सगळे थांबले.
आत शिरण्याआधी
झडती घेणाऱ्यांनी स्वतःची झडती द्यायची,
म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको
की खिशातून आणून ठेवलं.
बलवीर जीपमध्ये. म्हणून उर्मिलानं तपासलं.
दरोग्याच्या खिशात लवंगा, बसचं तिकीट,
हवालदाराच्या पाकिटात मुलाचा पासपोर्ट फोटो.
माझ्याकडे आली तेव्हा
शालीला नुसता हात लावला.
"आप तो आंटी हैं."

मोबाइलवर चित्रीकरण सुरू, नवा कायदा.
पलंगाखालची पेटी. गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात.
मुलगी उठून बसली,
तिच्या दप्तरातला कंपास बाहेर आला, परत गेला.
मुन्शी मांडीवर फळी घेऊन लिहीत होता:
एक, टोटियाँ, पीतल, ग्यारह नग...
सात, सरौता, पीतल, मोर के आकार का, एक नग.

मोराला डावा डोळा नव्हता.
सहा वर्षांची असताना तो मी
पिनेनं उकरून काढला होता,
आणि बाबांनी मारलं नव्हतं.

एका हिवाळ्यात तीनदा आले चोर माझ्याकडे.
पहिल्यांदा सिलिंडर. ठाण्यात गेले, बिल मागितलं, परत आले.
दुसऱ्यांदा नळाच्या तोट्या. गेले नाही.
तिसऱ्यांदा हा, आणि डब्यातले चौदाशे.
भाच्यालाही सांगितलं नाही,
म्हणाला असता, आता एकटी राहू नकोस.
तोमर प्रीतमला सांगत होता,
एकदा फुटलेलं घर महिन्याभरात पुन्हा फुटतं:
"दरवाजे को आदत पड़ जाती है."

बोलायला हवं होतं. ज्याचा माल, तो पंच कसा?
पण एवढ्या रात्री दुसरा पंच शोधा,
पुन्हा पहिल्यापासून लिहा,
त्या मुलीला थंडीत उभं करा.
असं मी मला सांगितलं.
खरं म्हणजे माझं काही गेलंय
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.
सही केली. शरयू ओगले.
'ले'ची मात्रा जरा वर गेली.
लाख वितळल्याचा वास, आणि मोर कापडात शिवला गेला.

अडीच वर्षांनी कोर्ट.
बचावाचा वकील पोरसवदा, बुटांना चिखल.
"पंचनामे के माल से आपका कोई संबंध?"
विचारायचं म्हणून विचारलं त्यानं,
पुढचं पान उलटतही होता.
मागच्या बाकावर उर्मिला,
मुलगी तिच्या खांद्याच्या वर गेलेली.
कापड उसवून मोर टेबलावर ठेवला होता,
डोळ्याचं भोक माझ्याकडे.

नाही म्हटलं की संपलं,
सायकल रिक्षानं घरी.

शाल काढून मी कठड्यावर ठेवली.
कुणी सांगितलं नव्हतं.
"है," म्हटलं. "सात नंबर."

सरकारी वकिलांनी मान वर केली.
वकिलाचं बोट पानातच राहिलं.
न्यायाधीश चष्म्यावरून बघत होते,
माझ्याकडे नाही, मोराकडे.
"आप लोग इसे क्या कहते हैं?"

"अडकित्ता."

टायपिस्ट थांबला.
"एक त, या दो?"

"दोन," मी मराठीतच म्हणाले.